आधी कविता, मग व्हिडिओ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. दिवसभर नोकरी, एम.ए. बाहेरून, रात्री मोबाईलवर इंग्रजी साहित्याची लेक्चरं, तीही दुप्पट वेगाने, आणि शेवटी तक्रार काय, तर 'मॅडम, डोक्यात काही राहत नाही.' राहणार कसं? तू पाठवलेल्या यादीत मिल्टन आहे, एलियट आहे, सिद्धान्तवाला देरिदासुद्धा आहे. पण यांच्यापैकी कुणाचं एखादं पान तू स्वतः वाचलंस, असं त्या यादीवरून वाटत नाही. सगळं त्यांच्याविषयी ऐकलेलं. सामना न बघता सामन्यानंतरची चर्चा ऐकत बसावं, तसं चाललंय तुझं.

त्या यादीत दोन जातींचे व्हिडिओ एकत्र झालेत, ते आधी वेगळे कर. पहिली जात म्हणजे आमच्या वेळच्या गाईडांचीच. पंधरा मिनिटांत कथानक, थीम्स, पात्रं, कवीचं जन्मसाल. त्यांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण, सगळे पर्याय निवडायचे. जोड्या जुळवा, कालक्रम लावा, असलं त्यात बरंच असतं. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हे व्हिडिओ कामाला येतात. तोवर त्यांना बाजूला ठेव.

दुसरी जात खऱ्या वर्गाची. येल विद्यापीठाने 2007 पासून आपले काही कोर्स चित्रित करून फुकट खुले केले. जॉन रॉजर्स यांचा मिल्टनवरचा, लँग्डन हॅमर यांचा आधुनिक कवितेचा, पॉल फ्राय यांचा साहित्यसिद्धान्ताचा, म्हणजे साहित्य कसं वाचावं याविषयीच्या विचारांचा. स्टुडिओ नाही, अ‍ॅनिमेशन नाही; भरलेल्या वर्गात कॅमेरा नेऊन ठेवलाय, एवढंच. आणि खरी मेख तिथेच आहे. समोर बसलेल्या मुलांनी त्या दिवसाचा मजकूर वाचून यायचं असतं, प्राध्यापक ते गृहीत धरूनच बोलतात. तू मात्र काही न वाचता आत शिरतेस आणि समजलं नाही की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून रडतेस. कोर्सच्या पानावर प्रत्येक लेक्चरबरोबर वाचन नेमून दिलेलं असतं. व्हिडिओच्या बटणाआधी ते बघत जा.

मी म्हणते ते एका कवितेवर करून दाखवते. सतराव्या शतकातला इंग्रजी कवी मिल्टन 1652 पर्यंत पूर्ण आंधळा झाला, वय चव्वेचाळीसच्या आत. त्या आंधळेपणावर त्याचं एक सॉनेट आहे, 'व्हेन आय कन्सिडर हाऊ माय लाइट इज स्पेंट'. चौदा ओळी. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर मिल्टनच्या कविता फुकट मिळतात, तिथून ही वहीत उतरवून घे. हाताने, टाईप करून नाही. गाईडवाला व्हिडिओ सांगेल: थीम, देवावरची श्रद्धा. झालं. आता तू काय करायचं? पहिलं वाक्य कुठे संपतं ते शोध. पहिली ओळ 'जेव्हा' म्हणून सुरू होते आणि मुख्य क्रियापद, म्हणजे 'मी विचारतो', येतं थेट आठव्या ओळीत. मधल्या ओळींत तो आपल्या गेलेल्या डोळ्यांचा, वाया चाललेल्या गुणाचा, देवापुढे द्याव्या लागणाऱ्या हिशोबाचा विचार करत अडकून पडलाय, आणि वाचणाराही त्याच्याबरोबर अडकतो. इथे तुला संकोच वाटायचं कारण नाही. क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबायची सवय आपल्याला मराठीने लहानपणापासून लावली आहे.

आता पुढे बघ. सॉनेट म्हणजेच केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत; ते तू शाळेत वाचलंयस. मिल्टनने घेतलेल्या इटालियन घाटात आधी आठ ओळी, मग सहा, आणि कलाटणी साधारण नवव्या ओळीला. मिल्टनचा प्रश्न काय? डोळेच काढून घेतल्यावर देव माझ्याकडून दिवसभराची मजुरी मागणार का? त्याला उत्तर देणारं 'धैर्य' (मुळात 'पेशन्स', म्हणजे सबुरी) नवव्या ओळीची वाट बघत नाही. आठव्या ओळीच्या मध्येच ते बोलायला उठतं. कुरकुर पुरती तोंडाबाहेर पडायच्या आत तिला अडवायचंय ना! कवितेची ही घाई सारांशात कुठेच सापडत नाही. ती ओळी मोजताना सापडते.

एवढं बघितल्यावरही एक गोष्ट तुझ्या हाती लागणार नाही. त्या 'हिशोबा'मागे बायबलातला दृष्टान्त आहे: धन्याने सांभाळायला दिलेला पैसा एका नोकराने जमिनीत पुरून ठेवला आणि शेवटी धन्याचा रोष ओढवून घेतला. हे तुझ्या-माझ्या घरात कुणी सांगितलेलं नसतं. इथे प्राध्यापक लागतो. म्हणून व्हिडिओ नंतर. तोपर्यंत तुला नेमकं काय अडलंय ते तुला माहीत झालेलं असतं, आणि तेवढं ऐकायला कान टवकारलेले असतात. 'दे ऑल्सो सर्व्ह हू ओन्ली स्टँड अँड वेट' (जे नुसते उभे राहून वाट बघतात, तेही सेवाच करतात) ही शेवटची ओळ लोक निरोपसमारंभात फेकतात. चौदाव्या ओळीला पोचेपर्यंत तिचं वजन किती झालंय, ते तूच बघ.

उच्चार कळत नाहीत म्हणालीस. येलच्या लेक्चरांची लिखित प्रत मिळते आणि नुसती ऑडिओही. आधी लिखित प्रत वाच, मग ऑडिओ लाव. डेटा वाचेल आणि चित्राकडे बघत पेंगणंही. कवितेचं लेक्चर असेल तर वेग वाढवायचा नाही. प्राध्यापक ओळ वाचून दाखवतात तेव्हा ते कुठे थांबतात हेच तर ऐकायचं असतं.

सिद्धान्ताची घाई नको. नेटच्या धाकाने सगळे आधी देरिदाकडे धावतात आणि दोन आठवड्यांत साहित्यच सोडून देतात. फ्रायकडे जाशील तेव्हा मात्र तुला गंमत वाटेल. हे गृहस्थ एवढे अवजड सिद्धान्त शिकवताना पुन्हा पुन्हा एका बाळगोष्टीकडे येतात. टोनी नावाचा गाड्या ओढणारा ट्रक स्वतःच अडकतो; एका गाडीला अंगाला घाण लागायला नको, दुसरीला वेळ नाही, तिसरी येऊन ढकलते. संपली गोष्ट. त्याच चिमुकल्या गोष्टीवर ते एकेक सिद्धान्त घासून बघतात. पण हे पुढच्या वर्षी.

सुरुवात हॅमरपासून कर. पहिलं लेक्चर प्रस्तावनेचं, नंतर दोन अमेरिकन कवी फ्रॉस्टवर, मग आयरिश कवी येट्स. फ्रॉस्टच्या कवितेत गवत कापणं आहे, बांध घालणं आहे, शेजाऱ्याशी कुरबूर आहे. शेतावर वाढलेल्या मुलीला त्याला वेगळी टीप लागू नये. प्रत्येक कवितेवर व्हिडिओच्या आधी पाच ओळी लिहायच्या, मराठीत लिहिल्यास तरी चालतील: काय दिसलं, काय अडलं. व्हिडिओनंतर त्याच्याखाली दुसऱ्या शाईने पाच. व्हिडिओत तुझं म्हणणं खोडायला कुणी नसतं, म्हणून पानाचा फोटो मला पाठव. मी खोडेन. तुझ्या बॅचमधली एखादी मैत्रीण सोबत आली तर आणखी चांगलं, तुम्ही भांडाल तरी.

आणि एनपीटीईएलचं, म्हणजे ऑनलाइन कोर्सच्या त्या सरकारी उपक्रमाचं, विचारलं होतंस. आयआयटीतल्या प्राध्यापकांचे इंग्रजी साहित्याचे कोर्स तिथे आहेत, दर आठवड्याला असाइनमेंट असते, त्यामुळे आळशालाही शिस्त लागते. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. फी लागते ती परीक्षेला, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. हॅमरची पहिली चार लेक्चरं या पद्धतीने झाली की मला फोन कर, रविवारी दुपारनंतर. मग कुठला कोर्स घ्यायचा ते यादी समोर ठेवून बघू. तोवर फी भरू नकोस.

तुझी,
मॅडम