वाचक विचारतात : विमानामागची रेघ आणि रेघेमागचे विमान

उंच आकाशातील हिमढग आणि विमानांच्या पांढऱ्या रेघा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : काही विमानांमागे लांबच लांब पांढरी रेघ राहते, काहींमागची क्षणात पुसली जाते, तर काहींमागे ती उमटतच नाही. हा फरक इंजिनांचा असतो का?

उत्तर : इंजिनाचा वाटा असतो, पण निकाल हवेच्या हाती असतो. एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. (इंधनापेक्षा पाणी जास्त कसे, असे कोणालाही वाटेल; पण इंधनातील हायड्रोजनला हवेतील ऑक्सिजन येऊन मिळतो आणि वजन त्याचे भरते.) ही गरम, दमट वाफ बाहेरच्या उणे ४० ते उणे ६० अंश सेल्सिअसच्या हवेत मिसळली की तिचे काजळीच्या कणांवर सूक्ष्म थेंब धरतात आणि ते लगेच गोठतात. दुर्बिणीतून नीट पाहिल्यास इंजिन आणि रेघेचे टोक यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते. तेवढ्या अंतरात इंजिनातून निघालेला वायू पुरेसा निवत असतो. रेघ कोणत्या तापमानाला व आर्द्रतेला उमटेल, याचे गणित जर्मनीत श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी १९५३ मध्ये मांडले, आणि ते थोड्याफार सुधारणांसह आजही वापरले जाते.

रेघ उमटणे आणि टिकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभोवतालची हवा कोरडी असेल तर हिमकण मिनिटभरात विरतात. हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ वाढायला लागते त्याहून अधिक वाफ तिच्यात असेल, तर तेच कण त्या हवेतील वाफ शोषून वाढतात, रेघ रुंदावते आणि काही तासांनी ती नैसर्गिक तंतुमेघांपासून, म्हणजे पिसांसारख्या उंच हिमढगांपासून, वेगळी ओळखू येत नाही. अशा पसरलेल्या रेघेतील बहुतांश पाणी विमानाचे नसतेच; ते हवेतच होते, विमानाने त्याला निमित्त पुरवले.

प्रश्न : या रेघांमधून रसायने फवारली जातात, असे संदेश सतत फिरत असतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : नाही. काही रेघा टिकतात आणि काही टिकत नाहीत, हाच फवारणीचा पुरावा मानला जातो; पण एकाच मार्गाने गेलेल्या दोन विमानांपैकी एकाचीच रेघ टिकली, तर त्याचे कारण दोघांच्या उंचीतील काहीशे मीटरच्या फरकात आणि वर सांगितलेल्या आर्द्रतेत सापडते.

प्रश्न : इतके उपग्रह असताना ढगात विमान घेऊन जाण्याची गरज काय?

उत्तर : उपग्रहाला ढगाचा विस्तार उत्तम दिसतो, पण अतिसंपृक्त हवेचा थर पुष्कळदा काहीशे मीटर जाडीचाच असतो आणि वरून पाहताना ही जाडी नेमकी हातून निसटते. शिवाय ढग सूर्यप्रकाश किती परतवतो आणि जमिनीची उष्णता किती अडवतो, हे त्यातील स्फटिकांचा आकार, संख्या आणि घडण यांवर ठरते. चंद्राला खळे पडते तेव्हा आपण याच षट्कोनी स्फटिकांतून वळलेला प्रकाश पाहत असतो. २२ अंश त्रिज्येचे ते वर्तुळ स्फटिकाच्या बाजू सपाट व गुळगुळीत असल्या तरच ठसठशीत उमटते. स्फटिक खडबडीत असले तर तेवढेच बर्फ असलेला ढग प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरतो.

म्हणून जर्मनीच्या अंतराळ व विमानविद्या केंद्राचे 'हॅलो' हे संशोधन-विमान वापरले जाते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खळे असाच आहे. मूळचे गल्फस्ट्रीम जातीचे हे व्यावसायिक जेट १५ किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकते, म्हणजे बहुतेक प्रवासी विमानांच्याही वरून उडते. २०१४ च्या वसंतात युरोप व अटलांटिकवर आणि पुन्हा २०२१ च्या उन्हाळ्यात त्याने हिमढगांसाठीच्या मोहिमा केल्या. कामाची रीत साधारण अशी असते : आधी ढगाच्या वरून उडत लेसरचे झोत खाली सोडायचे, परत येणाऱ्या प्रकाशावरून ढगाचा उभा छेद काढायचा आणि मग त्या छेदातील निवडक उंचींवर विमान प्रत्यक्ष आत घालायचे. नुसता लेसर स्फटिकाचे रूप सांगत नाही आणि नुसते ढगात शिरून आपण त्याच्या कोणत्या भागात आहोत ते कळत नाही. एकाच विमानाने दोन्ही करण्यात मोहिमेचे मोल आहे.

प्रश्न : पण सेकंदाला दोनशे मीटर वेगाने विमान आत घुसले की ढगच विसकटणार. मग मोजलेले खरे कसे मानायचे?

उत्तर : या महिन्यातील हा सर्वांत मार्मिक प्रश्न. खुद्द शास्त्रज्ञांनाही त्याने बरीच वर्षे चकवले होते. पंखाखाली लावलेल्या उपकरणाला पुढे आलेल्या दोन दांड्या असतात आणि त्यांच्यामध्ये लेसरची किरणरेषा असते. स्फटिक तिच्यातून गेला की त्याची सावली प्रकाशसंवेदकांच्या रांगेवर पडते आणि सावल्यांच्या पट्ट्या जोडून त्याचे चित्र तयार होते. अडचण अशी की काही स्फटिक दांड्यांच्या टोकांवर आपटून फुटत, त्यांचा चुरा किरणरेषेतून जाई आणि एका मोठ्या स्फटिकाच्या जागी अनेक बारके मोजले जात. त्यामुळे हिमढगांत सूक्ष्म कण भरमसाट असतात, असा समज कितीतरी काळ टिकून होता. पुढे वातबोगद्यात वेगवान कॅमेऱ्याने हे फुटणे चित्रित करण्यात आले, चुरा बाहेरच्या बाजूला उडेल अशी टोके घडवण्यात आली आणि कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्ये जुनी व नवी टोके विमानावर शेजारी शेजारी लावून तुलना केली. फरक मोठा होता. आता दुसरीही चाळणी लावतात : खरे स्फटिक सुटे सुटे येतात आणि चुरा घोळक्याने येतो, म्हणून एकामागोमाग अतिशय थोड्या अवधीत आलेल्या सावल्या गणतीतून वगळल्या जातात.

तापमानाचेही तसेच आहे. त्या वेगाने येणारी हवा तापमापकापाशी थांबली की दाबली जाऊन सुमारे २० अंशांनी तापते, आणि ही वाढ हिशेबाने वजा करावी लागते. त्यात एका अंशाची चूक झाली तर उणे ५५ अंशांच्या आसपास बर्फाच्या संपृक्त बाष्पदाबाचा, म्हणजे बर्फ ना वाढेल ना विरेल अशा वाफेच्या पातळीचा, अंदाज जवळजवळ १३ टक्क्यांनी बदलतो. ढग वाढतो आहे की विरतो आहे, हे ठरवायला तेवढी चूक पुरेशी असते. माझ्या मते या क्षेत्रातली खरी कसोटी विमानाच्या उंचीपेक्षा या एका अंशाची आहे.

प्रश्न : एका विमानाच्या मागे दुसरे लावून रेघ मोजतात, हे खरे आहे का? त्यात धोका नसतो का?

उत्तर : खरे आहे. पुढच्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जबरदस्त भोवरे सुटतात आणि ते खाली उतरत जातात. मागच्या लहान विमानाला ते उलथवू शकतात. म्हणून हे काम मुरलेल्या चाचणी-वैमानिकांकडेच असते. भोवऱ्यांची जागा सांभाळत ते रेघेच्या कडेने आत-बाहेर करतात. याच जर्मन केंद्राचे 'फाल्कन' हे छोटे विमान २०२१ मध्ये एअरबस ए३५० च्या मागे उडाले. इंजिनातील वायू तपासण्यासाठी ते सुमारे शंभर मीटरपर्यंत जवळ जाई आणि हिमकण मोजण्यासाठी कित्येक किलोमीटर मागे राही. ए३५० ची दोन्ही इंजिने पूर्णपणे शाश्वत इंधनावर (खनिज तेलाऐवजी टाकाऊ तेल-चरबीसारख्या पदार्थांपासून केलेल्या इंधनावर) चालवली असता, जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात हिमकणांची संख्या नेहमीच्या इंधनापेक्षा ५६ टक्क्यांनी कमी भरली. अशा इंधनात काजळी वाढवणारी ॲरोमॅटिक संयुगे फारच थोडी असतात, हे त्याचे मुख्य कारण. कण कमी झाले की पाण्याची वाटणी कमी जणांत होते, प्रत्येक कण मोठा होतो, लवकर खाली पडतो आणि ढग विरळ व अल्पायुषी ठरतो.

प्रश्न : या रेघांनी पृथ्वी खरोखर तापते का? आणि त्या टाळता येतील का?

उत्तर : दिवसा रेघ थोडा सूर्यप्रकाश परतवते आणि जमिनीची उष्णता अडवते, रात्री परतवायला सूर्यप्रकाश नसतो, उरते ते फक्त अडवणे. एकंदर जमाखर्च तापमानवाढीकडे झुकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २०१८ पर्यंतच्या रेघांचा व त्यांपासून झालेल्या ढगांचा परिणाम दर चौरस मीटरला ५७ मिलिवॉट (म्हणजे पृथ्वीवर अडकणाऱ्या जादा उष्णतेचे माप) धरला आहे, आणि विमानांच्या कार्बन डायऑक्साइडचा ३४. मात्र पहिल्या आकड्यातील अनिश्चितता १७ ते ९८ इतकी रुंद आहे. शिवाय रेघ काही तासांत जाते, तर कार्बन डायऑक्साइडचा भार शतकानुशतके राहतो. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून एकाला मोठा म्हणणे सरळ नाही.

टाळण्याच्या बाबतीत आशादायक गोष्ट अशी की थोड्याच उड्डाणांमुळे बहुतांश परिणाम घडतो. जपानवरील हवाई वाहतुकीच्या एका अभ्यासात अवघ्या २.२ टक्के उड्डाणांकडे रेघांच्या एकूण ऊर्जा-परिणामाचा ८० टक्के वाटा निघाला. थर पातळ असल्यामुळे दोन हजार फूट वर किंवा खाली जाणे अनेकदा पुरते. गूगल व अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर हे करून पाहिले आणि २०२३ मध्ये रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचे जाहीर केले. अडते ते अंदाजापाशी : कोणता थर दमट आहे हे आदल्या दिवशी सांगता यावे लागते, आणि त्या उंचीवरील आर्द्रतेची मोजमापे तुटपुंजी आहेत. १९९४ पासून युरोपात काही प्रवासी विमानांवर आर्द्रतामापक बसवून त्यांच्या रोजच्या फेऱ्यांतून नोंदी घेतल्या जात आहेत. संशोधन-विमान वर्षातून काही आठवडे उडते, ही विमाने मात्र जवळजवळ रोज त्याच थरांतून जातात.