वाचकांचे प्रश्न : अहमद जाहू आणि प्रशिक्षकाची मर्जी

प्रश्न : अंधेरीच्या मैदानावर मी मुंबई सिटी या इंडियन सुपर लीगमधील फुटबॉल संघाचे सामने आवर्जून पाहतो. मध्यरक्षक अहमद जाहू याच्या नावावर गोल थोडे आणि कार्डे बरीच होती. तरीही प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा जिथे गेले तिथे तो गेला. ही मर्जी म्हणायची की योग्यता? – एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : मर्जी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मोरोक्कोच्या ज्या मोगरेब तेतुआन क्लबाचे लोबेरा प्रशिक्षक होते, तिथूनच जाहू 2017 मध्ये एफसी गोवा संघात आला. 2020 मध्ये तो त्यांच्यासोबत मुंबईत आणि 2023 मध्ये ओडिशा एफसी संघात गेला. परंतु मधल्या काळात लोबेरा मुंबई सोडून गेल्यानंतरही जाहू मुंबईतच राहिला, आणि नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली 2022-23 च्या हंगामात मुंबईने सलग 18 सामने अपराजित राहून, 20 सामन्यांत 46 गुणांसह लीग शिल्ड (गुणतक्त्यात अव्वल राहणाऱ्या संघाचा मान) जिंकली, त्या संघाच्या मधल्या फळीतही तोच होता. केवळ मर्जीतल्या खेळाडूला दुसरा प्रशिक्षक असे स्थान देत नाही.

गोलांच्या संख्येवरून त्याला जोखणे मला अन्यायाचे वाटते. बचावफळीच्या अगदी पुढे उभे राहून चेंडू मागून घ्यायचा आणि प्रतिस्पर्धी जवळ येण्याआधीच तो लांब, तिरक्या पासने बगलेवरच्या खेळाडूपर्यंत पोहोचवायचा, हे त्याचे मुख्य काम होते. त्याच्या फ्री-किक आणि कॉर्नरवर सहकारी बचावपटू मुर्तदा फॉलने हेडरने केलेले गोल आपल्यालाही आठवत असतील.

कार्डांचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. 2020-21 च्या हंगामात मुंबईकडून पहिल्याच सामन्यात, नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध, त्याला मध्यंतरापूर्वी लाल कार्ड मिळाले आणि मुंबई 0-1 अशी हरली. तरीही त्याच हंगामात मुंबईने शिल्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात झाल्याने मुंबईकरांना तो संघ आपल्या मैदानावर पाहता आला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

13 मार्च 2021 चा फातोर्ड्यातील अंतिम सामना तर जाहूच्या खेळाच्या दोन्ही बाजू दाखवणारा होता. एटीके मोहन बागानविरुद्ध आपल्याच गोलजवळ चेंडू पायाशी ठेवण्याच्या प्रयत्नात त्याने तो गमावला, आणि डेव्हिड विल्यम्सने बागानला आघाडी मिळवून दिली. त्यानंतरही त्याने लांब पास देण्याचे सोडले नाही. मध्यंतरापूर्वीच त्याचा असाच एक पास अडवताना बागानच्या तिरीकडून स्वयंगोल झाला, आणि अखेरच्या क्षणांत बिपिन सिंगच्या गोलने मुंबई 2-1 अशी जिंकली. चूक झाल्यावर बहुतेक मध्यरक्षक सुरक्षित, आखूड पास देऊ लागतात. जाहू तसा खेळला असता, तर लोबेरा यांची खेळण्याची पद्धत तिथेच मोडली असती, आणि त्यांना तो प्रत्येक संघात का हवा होता, याचे उत्तर मला या सामन्यात सापडते.

ओडिशाकडूनही जानेवारी 2024 मधील सुपर कप अंतिम सामन्यात, भरपाई वेळेतील पेनल्टीवर बरोबरी साधणारा गोल त्यानेच केला. जादा वेळेत मात्र ईस्ट बंगालने तो सामना 3-2 असा जिंकला.