चिखलातले बॅक्टेरिया खरंच वीज तयार करतात का? त्यांचा व्यवहारात उपयोग काय?

करतात. पण तुम्ही ज्या व्हिडिओबद्दल विचारलंय, कुंडीतल्या मातीत तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून एलईडी लावल्याचा, त्यात बॅक्टेरियांचं श्रेय जवळपास शून्य. तिथे जस्त झिजतंय आणि त्याचीच वीज मिळतेय. ओल्या मातीऐवजी लिंबू घेतलं असतं तरी तशीच वीज मिळाली असती. बॅक्टेरियांचं काम बघायचं तर दोन्ही इलेक्ट्रोड, म्हणजे वीज आत-बाहेर नेणारे तुकडे, न झिजणाऱ्या ग्राफाइटचे किंवा कार्बन फेल्टचे (कार्बनच्या धाग्यांच्या नमद्याचे) हवेत: एक गाळात खोल पुरलेला, दुसरा वरच्या पाण्यात. मग काही दिवस थांबायचं, कारण वस्ती बसायला वेळ लागतो.

आता हे होतं कसं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो, म्हणून तर श्वास घेतो. तळ्याच्या गाळात ऑक्सिजन नसतो. असतो तो लोखंडाचा गंज, मँगनीजचे ऑक्साइड, म्हणजे घन खनिजं. ती पेशीच्या आत घेता येत नाहीत, मग इलेक्ट्रॉनच बाहेर पाठवायचे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून असं करणारा जिओबॅक्टर नावाचा बॅक्टेरिया वेगळा केला, ते काम १९८७ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी केन नीलसन आणि चार्ल्स मायर्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवरातल्या, आज शेवानेला म्हणतात त्या बॅक्टेरियाबद्दल लिहिलं. तो मँगनीजवर श्वास घेतो.

पेशीच्या आवरणातून इलेक्ट्रॉन बाहेर नेतात ती सायटोक्रोम नावाची प्रथिनं. त्यांच्यात हीम असतं, आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं त्याच जातीचं. जिओबॅक्टर तर पेशीबाहेर चक्क तारा काढतो. या तारा कशाच्या, यावर बरीच वादावादी झाली. २००५ मध्ये त्या पिलाय, म्हणजे पेशीवरचे केसासारखे धागे, मानल्या गेल्या. २०१९ मध्ये येल विद्यापीठाचे निखिल मालवणकर, व्हर्जिनिया विद्यापीठाचे एडवर्ड एगेलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांनी तपासलेली तार ओएमसीएस या सायटोक्रोमचीच आहे, आत हीमची अखंड रांग लागलेली. मला हा पुरावा पटतो, सगळ्यांना पटलेला नाही.

गंजाच्या जागी ग्राफाइट ठेवलं की इलेक्ट्रॉन आपल्या तारेत येतात. हाच मायक्रोबियल फ्युएल सेल. एका सेलला अर्धा-पाऊण व्होल्ट मिळतो. मग दहा सेल ओळीने जोडू, असं कुणालाही वाटेल. पण त्यातला एखादा अशक्त निघाला की त्याचा व्होल्टेज उलटा होतो आणि तो बाकीच्यांचंच खातो. शिवाय आकार वाढवला की दर चौरस मीटरमागे मिळणारी वीज घटते. घरचा पंखा विसरा. जिथे बॅटरी बदलायला जाणंच महाग पडतं, तिथे मात्र हे चालतं: अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने पोटोमॅकमध्येच हवामान मोजणारा एक तरंगता बॉया गाळातल्या अशा सेलवर चालवून दाखवला, २००८ साली.

मी सांडपाण्याच्या कामात आहे, त्यामुळे मला वीज दुय्यम वाटते. एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटच्या, वीजबिलात साधारण निम्मा वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा असतो. इलेक्ट्रॉन घ्यायला इलेक्ट्रोड असेल तर तेवढी हवा लागत नाही आणि स्लजही (शेवटी उरणारा गाळ) कमी निघतो. अडतं ते इलेक्ट्रोडच्या किमतीवर.

सगळ्यात पटणारा उपयोग सेन्सरचा. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागतो, ते म्हणजे बीओडी. आपल्याकडे त्याची चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. निकाल हातात येईपर्यंत ते पाणी कधीच नाल्याला गेलेलं असतं. इलेक्ट्रोडवरच्या बॅक्टेरियांना जास्त खाद्य मिळालं की करंट वाढतो, विषारी काही आलं की पडतो. आकडा अगदी अचूक नसला तरी गडबड त्याच दिवशी कळते, आणि प्लँट चालवणाऱ्याला तेच हवं असतं. इथे सेलची मिलिवॅटमधली ताकदही पुरते, कारण करंट फक्त मोजायचाय, वापरायचा नाही.

आणखी एक उपयोग प्रदूषण आवरण्याचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत रायफल इथे युरेनियमचं खनिज दळणाऱ्या जुन्या गिरणीच्या जागेवर भूजलात ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार, बॅक्टेरियांचं खाद्य) सोडून जिओबॅक्टर वाढवले गेले. त्यांनी विरघळलेल्या युरेनियमला इलेक्ट्रॉन देऊन ते न विरघळणाऱ्या रूपात खाली बसवलं. पण नंतर सल्फेटवर जगणाऱ्या बॅक्टेरियांनी ॲसिटेट पळवायला सुरुवात केली आणि पाण्यातलं युरेनियम परत वाढू लागलं. बसलेलं युरेनियमही जमिनीतच राहतं, ऑक्सिजन पोचला तर पुन्हा विरघळू शकतं.

गोबरगॅसच्या टाकीतही जिओबॅक्टर मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना थेट इलेक्ट्रॉन देऊ शकतात. म्हणूनच टाकीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन किंवा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) टाकून गॅस वाढतो का, याचे प्रयोग चालतात. आणि आपल्या लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी गाळातूनही असे बॅक्टेरिया इलेक्ट्रोडवर वाढवले गेलेत. ते काम मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या गटाचं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं. साध्या बॅक्टेरियांना न सोसणाऱ्या खारट कारखानी सांडपाण्यासाठी मला त्यांच्याकडून जास्त आशा आहे.