‘आसक्ती’ क्लोरीनची जास्त, मग जहाल फ्लोरीन कसे?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: हॅलोजनांत (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या मूलद्रव्यांच्या कुळात) फ्लोरीन सर्वांत क्रियाशील असे शिकवतो, तरी इलेक्ट्रॉन आसक्ती क्लोरीनची जास्त कशी? ‘आसक्ती’ आणि ‘क्रियाशीलता’ एकच नव्हेत का? शिवाय ‘हॅलोजन’ऐवजी ‘लवणजन’ लिहावे का?

एकच नव्हेत, आणि घोळ ‘आसक्ती’ने घातला आहे. ऐकताना वाटते, जो जास्त आसक्त तोच आधी झडप घालणार. रसायनात ही नुसती मोजणी आहे: वायुरूप सुट्या अणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की किती ऊर्जा बाहेर पडते? क्लोरीनची मोलमागे 349 किलोज्यूल, फ्लोरीनची 328. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, आठव्याची जागा रिकामी. पण फ्लोरीनचा अणू इतका लहान, की आधीचे दाटीतले इलेक्ट्रॉन नव्याला रेटतात. पणजी-म्हापसा मिनीबसमध्ये सकाळी जागा मिळते, पण कोपरे खाऊन, तसे.

आणि सुटा अणू बाटलीत असतो कुठे? क्रियाशीलतेत सगळा व्यवहार धरावा लागतो. आधी रेणू फोडायचा: फ्लोरीनचा बंध सुमारे 158 किलोज्यूलमध्ये तुटतो, क्लोरीनचा 242 मागतो. गंमत अशी, की फ्लोरीनचा बंध कच्चा आहे तोही त्याच दाटीमुळे. पुढे इवलासा फ्लोराइड आयन (इलेक्ट्रॉन मिळालेला फ्लोरीन) पाण्याला किंवा शेजारच्या धन आयनाला घट्ट बिलगतो आणि भरपूर ऊर्जा सुटते. आसक्तीतली तूट इथे व्याजासकट वसूल होते. या जहालपणामुळेच फ्लोरीन वेगळे काढायला 1886 उजाडले. ते फ्रेंच रसायनज्ञ मॉयसां यांनी साधले.

‘विद्युतऋणता’ तिसरीच: बंधातली सामाईक जोडी आपल्याकडे ओढण्याची ताकद. तिथे पॉलिंगच्या मोजपट्टीवर फ्लोरीन 3.98 वर, पहिले.

वर्गात दाखवायचे तर फ्लोरीनच्या वाटेला जाऊ नका. पोटॅशियम आयोडाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचे पाणी थेंबाथेंबाने घाला. आयोडीन सुटून तपकिरी रंग येतो. त्यात निवलेल्या पेजेचे वरचे, स्टार्च असलेले पाणी घातले, की निळे-काळे. हात सैल सोडलात तर रंग उडतो, कारण जादा क्लोरीन आयोडीनला रंगहीन आयोडेटपर्यंत नेते. फळ्यावर ‘क्लोरीनने आयोडाइडचा इलेक्ट्रॉन काढून घेतला’ असे लिहा. ‘आसक्ती जास्त म्हणून’ नको.

राहिले ‘लवणजन’. जर्मन रसायनज्ञ श्वायगर यांनी 1811 मध्ये ‘हॅलोजन’ सुचवले तेही ‘मीठ घडवणारा’ याच अर्थाने, तेव्हा नेरूलच्या मिठागरांजवळ ‘लवणजन’ शोभेल. पण पुस्तकात आणि पोरांच्या तोंडी ‘हॅलोजन’च रुळला आहे, मी तोच ठेवीन.