वाचकांचे प्रश्न: शब्द अकारविल्हे कसे लावायला शिकवावे?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. मुळाक्षरे घडाघडा म्हणतो, पण शब्द अकारविल्हे लावायला दिले की 'करा' आधी आणि 'करवत' नंतर लिहितो. लहान शब्द आधी, असे त्याचे म्हणणे. त्याला कसे समजवावे?
– एक पालक, विटा

उत्तर : त्याचे म्हणणे 'कर' आणि 'करवत' या जोडीला लागू पडते. 'कर' तिथेच संपतो, म्हणून तो आधी. 'करा' मात्र दुसऱ्याच अक्षराला वेगळा होतो. एकीकडे 'र', दुसरीकडे 'रा'. बाराखडीत 'र' आधी, म्हणून 'करवत' आधी. पुढे किती अक्षरे उरली आहेत हे पाहायचेच नाही.

मुळाक्षरे पाठ असलेली मुलेही इथे अडतात, कारण बाराखडी त्यांनी वाचनासाठी म्हणून वेगळी शिकलेली असते. तिचा क्रमाशी संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. प्रत्येक अक्षराला दोनदा पाहावे लागते: आधी व्यंजन, आणि ते सारखे निघाले तर त्याला लागलेला स्वर.

चौकटीची वही घ्या. दोन शब्द एकाखाली एक लिहायला सांगा, एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रेसकट. पहिल्या चौकटीपासून बोट सरकवत जायचे. जिथे वरचे आणि खालचे अक्षर वेगळे दिसेल तिथे थांबून गोल करायचा. निकाल त्या गोलातच. बाराखडीचा तक्ता समोर असू द्या. पाठांतराची परीक्षा इथे घ्यायची नाही. अशा दहाएक जोड्या न चुकता जमल्या की तीन शब्द द्या, मग पाच. सुरुवातीलाच पंधरा शब्द दिले तर मूल 'आता कोणता?' करत पूर्ण यादी पुन्हापुन्हा वाचते आणि एखादा शब्द हमखास गाळते. जास्त शब्द असतील तेव्हा आधी पहिल्या व्यंजनाप्रमाणे चिठ्ठ्यांचे ढीग करायचे, मग एकेक ढीग लावायचा.

सरावाला आपल्या सांगली जिल्ह्याचे दहा तालुके उत्तम आहेत: आटपाडी, कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, जत, तासगाव, पलूस, मिरज, वाळवा, शिराळा. चिठ्ठ्या पिसून द्या. कस लागतो तो फक्त कडेगाव-कवठेमहांकाळ या जोडीला, आणि तिथे 'ड' व 'व' यांवर काम भागते. पहिल्या आठवड्याला एवढेच पुरे.

प्रश्न : चौथीच्या वर्गात 'कमळ, कर्म, क्रम, किल्ला' हे शब्द दिले. निम्म्या मुलांनी 'कर्म' आणि 'कमळ' यांत अडखळून सोडून दिले, काहींनी 'क्रम' सर्वांत आधी लिहिला. नेमके काय चुकते?
– एक शिक्षिका, पाटण तालुका

उत्तर : मुले डोळ्यांनी लावतात, क्रम मात्र उच्चाराने लागतो. रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो, म्हणून त्यांना दोन्ही शब्दांत 'क'नंतर 'म'च आहे असे वाटते. शब्द मोठ्याने, तोडून म्हणून घ्या: क-र्-म. 'र'चा उच्चार 'म'च्या आधी आहे. 'म' आधी आणि 'र' नंतर, म्हणून कमळ, मग कर्म. 'किल्ला'तली वेलांटीही अशीच फसवते: ती 'क'च्या डावीकडे लिहितात, पण तिचा उच्चार 'क'नंतर होतो.

'क्रम'चे कारण मुलांना जरूर सांगा, त्यांना ते कळते. 'क्'नंतर एक तर स्वर येतो, नाही तर दुसरे व्यंजन. वर्णमालेत स्वर आधी. म्हणून क, का, कि, की… कौ एवढी सगळी बाराखडी संपल्यावरच क्य, क्र, क्ल येतात. तुमच्या यादीचा क्रम कमळ, कर्म, किल्ला, क्रम असा होतो. 'कौल' घातला तर तोही 'क्रम'च्या आधी. याच न्यायाने 'क्ष' (क् + ष) 'क'च्या जोडाक्षरांत आणि 'ज्ञ' (ज् + ञ) 'ज'च्या जोडाक्षरांत शोधावा. तक्त्यात ही दोन्ही 'ळ'नंतर छापलेली असतात, म्हणून मुले 'क्षमा' कोशाच्या शेवटच्या पानांत शोधतात.

रफार आणि जोडाक्षरे एकाच तासाला घेऊ नका.

प्रश्न : सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके लावताना खंडाळा आधी की खटाव?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : दोन्ही पद्धती आहेत. अनुस्वाराला त्या अक्षरात पहिले स्थान दिले तर 'खं' आधी, म्हणजे खंडाळा, खटाव. अनुस्वाराच्या जागी 'ण्' धरला (खण्डाळा) तर 'ट' आधी आणि 'ण' नंतर, म्हणून खटाव, खंडाळा. आम्ही पहिली पद्धत सुचवतो, कारण मुलांना अनुस्वाराच्या जागचे अनुनासिक ओळखावे लागत नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड (१९७६) 'अंक' या नोंदीने सुरू होतो, हे मुलांना ग्रंथालयात दाखवता येईल. शाळेने कोणतीही एक पद्धत ठरवावी. चाचणीत मात्र अशी जोडी घालू नये.

याच यादीत महाबळेश्वर आणि माण ही जोडी आहे. 'म' आधी, 'मा' नंतर, म्हणून एवढे लांब नाव 'माण'च्या आधी येते. आकार बघून लावणारे मूल इथे लगेच सापडते.

प्रश्न : 'ळ' कुठे धरावा?
– एक आजोबा, मिरज

उत्तर : शाळेच्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर. 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे प्रश्न येतो तो मधल्या अक्षरांत: काल, काही, काळ.