वाचक विचारतात : विलायतच्या जुन्या गल्ल्यांचे फोटो

प्रश्न : राम राम भाऊ. आमचे आजोबा रेल्वेत होते, त्यांच्या ट्रंकेत कुण्या साहेबाने दिलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला. सगळे इंग्लंडच्या रस्त्यांचे, चर्चचे, जुन्या बिल्डिंगींचे फोटो. काहींवर गावाचं नाव आहे, साल कुठेच नाही. किती जुने, कसं ओळखायचं? रद्दीवाला पन्नास रुपये म्हणतोय, देऊन टाकू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : रद्दीवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा भाऊ. मग कार्डं उलटी करून बघा, सालाचा माग बहुतेक वेळा मागेच सापडतो. मागे मधोमध रेघ असेल, म्हणजे अर्धी बाजू मजकुराला न अर्धी पत्त्याला, तर कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचं, कारण ब्रिटनच्या पोस्टाने ही परवानगी त्याच साली दिली, त्याआधी मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव आणि चार शब्द लिहायचे तर ते पुढे फोटोच्या कडेला कोंबायचे. तिकिटावर दाढीवाला सातवा एडवर्ड असेल तर १९०२ ते साधारण १९११, पुढे पंचम जॉर्ज. अर्ध्या पेनीचं तिकीट लावून इंग्लंडातल्या इंग्लंडात गेलेलं कार्ड असेल तर ते जून १९१८ च्या आधीचं, कारण तेव्हा दर एक पेनी झाला.

पण हे झालं पोस्टात टाकल्याचं साल, फोटो त्याच्याही आधीचा असू शकतो. फ्रान्सिस फ्रिथ नावाच्या माणसाने १८६० मध्ये रायगेट गावी कंपनी काढली, इंग्लंडातलं एकेक गाव न गल्ली टिपून त्याचे प्रिंट विकायचे असा त्याचा सगळा खटाटोप, आणि असल्या कंपन्या एकदा काढलेली निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायच्या. म्हणून आता पुढची बाजू बघा. मोबाईलने मोठा फोटो काढा आणि झूम करा, माणसं नंतर बघा, आधी दुकानांच्या पाट्या वाचा. तिकडे केलीज डिरेक्टरी म्हणून जाडजूड पुस्तकं निघायची, कुठल्या रस्त्यावर कितव्या नंबरला कोण खाटीक, कोण शिंपी, सगळं त्यात छापलेलं असायचं. लेस्टर युनिव्हर्सिटीने अशा पुष्कळ डिरेक्टऱ्या स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवल्यात. पाटीवरचा दुकानदार ज्या सालच्या डिरेक्टरीत पहिल्यांदा दिसतो आणि ज्या सालच्या डिरेक्टरीतून गायब होतो, साधारण त्या मधल्या काळातला तुमचा फोटो. रस्ता कुठला ते नक्की करायला स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने सर्व्हे नकाशे आहेत, चर्चचं टोक न रस्त्याचं वळण जुळवून बघा. वेळखाऊ काम आहे, पण एकदा का एक कार्ड लागलं की माणूस जेवायला उठत नाही.

प्रश्न : जुन्या फोटोंत लंडनचे रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस का दिसतात? तेव्हा माणसं कमी होती का?
– एक वाचक ताई, चाळीसगाव

उत्तर : माणसं भरपूर होती ताई, कॅमेरा सुस्त होता. सुरुवातीच्या काळात एका फोटोला काही मिनिटंसुद्धा लागायची, नंतर ओल्या काचेच्या प्लेटा आल्या तरी काही सेकंद लागायचेच, तेवढ्यात चालता माणूस निघून जायचा न त्याचा नुसता धूर उरायचा. नीट बघितलं तर असे पुसट धूर दिसतात, आणि दारात टेकून उभा असलेला रिकामटेकडा मात्र स्पष्ट येतो. त्यात फोटोग्राफर मुद्दाम गर्दी नसताना, सकाळी लवकर यायचे.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवतो. जुन्या इमारतीचं हाताने काढलेलं चित्र न फोटो, यात जास्त भरवशाचं काय?
– एक शिक्षक, धुळे

उत्तर : सर, मी तर म्हणेन की दोघांवर भरवसा ठेवण्याआधी हे कोणी आणि कशासाठी केलं ते विचारा. हॉलर नावाच्या चित्रकाराचं लंडनचं लांबलचक चित्र १६४७ मध्ये छापलं, थेम्सच्या दक्षिणेकडच्या चर्चच्या मनोऱ्यावरून बघून काढलेल्या स्केचवरून ते केलेलं. इमारतींचे आकार इतके चांगले की शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर नव्याने बांधताना (१९९७ ला ते पुन्हा उघडलं) त्याचा आधार घेतला, पण त्याच छापील चित्रात ग्लोब थिएटर आणि शेजारची अस्वलांच्या झुंजीची जागा यांची नावं चक्क उलटसुलट पडलीत. चित्र बरोबर, पाटी चूक! आणि १६६६ च्या आगीत जे लंडन जळालं ते बघायला फोटो कुठून आणणार, तिथे हॉलरसारख्यांची चित्रंच.

फोटोचंही तसंच आहे. सेंट पॉल चर्चजवळ ऑक्सफर्ड आर्म्स नावाची घोडागाड्यांची सराई होती, चौकाभोवती लाकडी सज्जे, आपल्या जुन्या वाड्यात असतात ना तसे. ती पाडणार हे कळल्यावर १८७५ मध्ये काही लोकांनी जुन्या लंडनचे अवशेष टिपायची एक सोसायटीच काढली, १८८६ पर्यंत १२० फोटो केले, न तेही कार्बन प्रिंट, कारण साधे चांदीचे प्रिंट पिवळे पडतात हे त्यांना माहीत होतं. सराई पाडलीच, फोटो राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्ब पडायला लागले, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीचं कॅथेड्रल जळालं, मग १९४१ ला सरकारी मदतीने नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड सुरू झालं, उद्या ही बिल्डिंग उभी असेल का याचा नेम नाही म्हणून आज फोटो घ्या, मापं घ्या, ड्रॉइंग करा. तो सगळा साठा आता स्विंडनला हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या आर्काइव्हमध्ये आहे. म्हणजे अशा साठ्यांत जे पडणार त्याचेच फोटो जास्त, जे धडधाकट उभं होतं त्याच्याकडे तेवढं लक्ष गेलं नाही, त्यामुळे नुसते फोटो बघून जुनं इंग्लंड म्हणजे मोडकळीला आलेलं गाव असं पोरांना वाटायला नको.

प्रश्न : या सगळ्याशी आपल्या खानदेशाचं काही नातं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : आहे ना भो! भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रासच्या फौजेतला हा माणूस १८४४ ला अजिंठ्याची चित्रं उतरवायच्या कामाला लागला, वर्षानुवर्षं लेण्यांत बसून कॅनव्हासवर तेलरंगात नकला केल्या, त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रदर्शन-इमारतीत टांगल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. नंतर ग्रिफिथ्स साहेब न मुंबईच्या आर्ट स्कूलच्या पोरांनी १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या, काय म्हणावं याला! आता गंमत बघा, तो काचेचा पॅलेस लंडनच्या हाइड पार्कमधून सोडवून सिडनहॅमला उभा करत होते तेव्हा डेलामोट नावाच्या फोटोग्राफरने त्याचे एकेक टप्पे टिपले, ते फोटो आजही आहेत. गिलने केलेल्या नकला गेल्या, त्या ज्या इमारतीत जळाल्या ती मात्र बांधताना दिसते. गिलने स्वतः नंतर कॅमेरा घेतला, त्याचे लेण्यांचे फोटो पुस्तकात छापले गेले. १८७९ ला तो वारला.

प्रश्न : आमच्या गल्लीतली धाब्याची घरं पाडून स्लॅब टाकताहेत, मी मोबाईलवर फोटो काढतोय. अजून काय करू?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : समोरून एक, दोन्ही कोपऱ्यांतून एकेक, मग दार, कडीकोयंडा, आतलं माळवद, आणि एका फोटोत कोणाला तरी उभं करा म्हणजे उंची कळते. प्रिंट काढाच, मोबाईल आज आहे उद्या नाही. मागे मऊ पेन्सिलीने घर कोणाचं, कुठल्या गल्लीत, तारीख काय ते लिहा, बॉलपेन नको, पुढे वळ उमटतो.