संगणक-नेटवर्क बसवून देण्याच्या छोट्या व्यवसायात दरमहा ठराविक उत्पन्न कसं सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की छोट्या ऑफिसांना संगणक आणि नेटवर्क बसवून देता; काम असतं तेव्हा उसंत नसते आणि नसतं तेव्हा हाताखालच्या दोघांचे पगार कुठून काढायचे ही चिंता. म्हणून मासिक पॅकेज काढावं का, असं विचारलंत.

जरूर काढा. पण आधी गेल्या वर्षभराचे फोन आणि मेसेज चाळा. बिल चुकतं झाल्यावर ग्राहकांनी पुन्हा कशासाठी बोलावलं? प्रिंटर नेटवर्कवर दिसेना, नव्या माणसाला ईमेल खातं हवं, बॅकअप होतोय की नाही कुणालाच ठाऊक नाही. यातली बरीच कामं तुम्ही संबंध टिकावेत म्हणून फुकट केली असणार. तुमचं नियमित उत्पन्न तिथेच आहे, त्यासाठी नवीन काही शोधून विकायला नको.

झेरॉक्सनं १९५९ मध्ये ९१४ हे कॉपी मशीन आणलं. ते विकत घेणं बहुतेक ऑफिसांच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून कंपनीनं ते मासिक भाड्यानं दिलं. भाड्यात महिन्याला २००० प्रती, त्यापुढच्या प्रत्येक प्रतीचे पैसे वेगळे. भाड्याची कल्पना सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र त्यातली २००० ची मर्यादा जास्त मोलाची वाटते, कारण छोटे व्यावसायिक नेमकी तीच विसरतात. ‘अमर्याद सपोर्ट’ असं लिहून देतात आणि मग एकच ग्राहक पाच जणांचा वेळ खातो. करारात स्पष्ट लिहा: महिन्याला किती भेटी, फोनवर किती तासांत प्रतिसाद, सुटे भाग कोणाच्या खर्चानं, ऑफिस हलवायचं झालं तर वेगळं बिल. दर ठरवताना स्पर्धकाचं पत्रक बघू नका. तुमचे तास मोजा, जाण्यायेण्याचा वेळ धरून.

आता गळती. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा खेळ इथेच ठरतो. समजा १०० ग्राहक आहेत आणि दर महिन्याला ५ टक्के सोडून जातात. आकडा किरकोळ वाटतो, पण नवे कोणी आले नाहीत तर १२ महिन्यांनी ५४ उरतात. म्हणजे आहे तिथेच राहायला वर्षभर नवे ग्राहक शोधत फिरायचं. गळती २ टक्क्यांवर आणली तर ७८ उरतात. तुमच्या धंद्यात तर जास्तच जपावं लागेल: देखभाल जितकी चोख, तितकं ग्राहकाला काही दिसत नाही. सहा महिने काहीच बिघडलं नाही की त्याला वाटतं, पैसे कशाचे देतोय? म्हणून दर महिन्याला एक पानी अहवाल पाठवा. बॅकअप कधी तपासला, कोणते अपडेट टाकले, कुठली हार्ड डिस्क कुरकुरायला लागलीय. नूतनीकरणाचं बोलणं या कागदांमुळे निम्मं आधीच झालेलं असतं.

वर्षाचे पैसे आगाऊ मिळाले तर आनंदानं घ्या, पण ते कमाई समजून खर्च करू नका. सेवा द्यायची बाकी आहे तोवर हिशेबात ते तुमच्यावरचं देणं असतं. दर महिन्याला बारावा हिस्सा तेवढा आपला.

पहिलं लक्ष्य नफा नको. दोघांचे पगार आणि जागेचं भाडं मासिक करारांतून निघालं की पुरे, म्हणजे नव्या जोडणीच्या कामांत भाव पाडून घ्यायची पाळी येत नाही. त्या रकमेचा अर्धा भाग एकाच ग्राहकाकडून येत असेल तर मात्र अजून स्थैर्य आलं असं मानू नका.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. अशा योजनेला सर्वांत आधी होकार देतात ते ज्यांची यंत्रणा सर्वांत खिळखिळी असते. त्यांना थेट करारात घेतलंत तर पहिले काही महिने त्यांचा जुना पसारा आवरण्यातच जातील. करार करण्याआधी पूर्ण तपासणी करा, जी दुरुस्ती लागेल तिचं वेगळं बिल लावा आणि ती झाल्यावरच मासिक दर सुरू करा. याला जो नकार देईल त्याचं काम पूर्वीसारखंच भेटीगणिक पैसे घेऊन करत राहा.